सुनेचे दूध पुरते की नाही, हे कोण ठरवणार?

कऱ्हाडजवळच्या एका गावातल्या 62 वर्षांच्या आजींचे पत्र आले आहे. सध्या त्या मुलाकडे चिंचवडला आहेत. सुनेचे बाळंतपण सांगलीला, माहेरी झाले, सिझेरियन होते. सव्वा महिना झाल्यावर सून आणि नात चिंचवडला आल्या. नात आता सात आठवड्यांची आहे आणि सून तिला केवळ अंगावर पाजते. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटरही नाही. आजींना वाटते की दूध पुरत नाही: संध्याकाळी नात दोन-दोन तास रडते, अर्ध्या-अर्ध्या तासाने छातीला लागते, सुनेची छाती पूर्वीसारखी भरून येत नाही आणि पाजून झाल्यावर पंपाने काढून पाहिले तर जेमतेम अर्धी वाटी दूध निघाले. मुलाने पावडरचा डबा आणून कपाटात ठेवला आहे. त्यावरून घरात बोलाचाली झाली आणि सून रडली. आजी लिहितात: "मी तीन मुलं गुटी देऊन वाढवली. माझी मुलगीही शिकलेली आहे, तिनं पंधराव्या दिवशी डबा सुरू केला, तिचा मुलगा चांगला गुटगुटीत आहे. मुलीला जे जमलं नाही, ते जमवायचा सुनेला एवढा हट्ट का? कोणत्या बाईला हे जमतं आणि कोणत्या नाही, हे ठरतं तरी कशावर? आणि मी गप्प बसावं की बोलावं?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमची काळजी दिसली. दुसऱ्या वाचनात पत्राच्या अगदी तळाशी, जाता जाता लिहिलेली एक ओळ सापडली: जन्मतः नात 2 किलो 700 ग्रॅमची होती, दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी काट्यावर 3 किलो 900 ग्रॅम भरली आणि दिवसाकाठी सात-आठ लंगोट चांगले ओले होतात. दूध पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्या पत्रातच दूध पुरत असल्याचा पुरावा असा मुकाट बसलेला पाहून मला थोडे हसू आले, राग मानू नये. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच आणि ते भरून यायला दहा ते चौदा दिवस लागतात. तरीसुद्धा सहा आठवड्यांत 1,200 ग्रॅमची वाढ म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे 29 ग्रॅम होते, आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ बालरोगतज्ज्ञ समाधानकारक मानतात. पाण्याचा थेंबही न घेणारे बाळ दिवसातून सात-आठ वेळा लघवी करते, तेव्हा ते पाणी आईच्या दुधातूनच आलेले असते. वजन आणि लघवी हे दोन साक्षीदार एकमताने बोलत असताना रडण्याची, छाती न भरण्याची आणि पंपाच्या वाटीची साक्ष दुय्यम ठरते.

तरी त्या तिन्ही साक्षी तपासून पाहू, कारण घरोघरी 'वरचे दूध' सुरू होते ते याच तीन कारणांनी. संध्याकाळचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते; अंगावर पिणारी आणि पावडरवर वाढणारी, दोन्ही बाळे अशी रडतात. तुमची नात सध्या त्या चढाच्या टोकावर आहे. तिन्हीसांजेला ती सारखी छातीला लागते, त्यात थोडी भूक असते, थोडा दिवसभराच्या आवाजाचा आणि उजेडाचा शीण असतो आणि रात्रीच्या झोपेची बेगमीही असते. छाती मऊ पडण्याचे म्हणाल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराला बाळाच्या भुकेचा अंदाज नसतो आणि ते गरजेपेक्षा जास्त दूध साठवते. चार-सहा आठवड्यांत मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला की ताण उतरतो. दूध आटल्याची ती खूण नव्हे. आणि पंप. पंपाला बाळासारखे ओढता येत नाही, त्यामुळे पंपातून किती निघाले यावरून छातीत किती आहे हे मोजता येत नाही. शिवाय बाळ पिऊन झाल्यावरही अर्धी वाटी निघाली असेल, तर तिला 'जेमतेम' कसे म्हणावे, हे मला कळलेले नाही.

तुमच्या घरी गोठा होता आणि दोन म्हशींची धार तुम्हीच काढत होतात, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तेव्हा 'पान्हा चोरणे' म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. परका माणूस धारेला बसला किंवा गोठ्यात आरडाओरड झाली की म्हैस पान्हा चोरते; कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही. रेडकू पुढे सोडले, ओळखीचा हात कासेवरून फिरला की तीच म्हैस पान्हावते. (ही तुलना मी केली असे सुनेला सांगू नका.) दोन्हीकडे काम करणारे संप्रेरक एकच आहे, ऑक्सिटोसिन. बाळाच्या ओढण्याने, त्याच्या स्पर्शाने आणि कित्येकदा नुसत्या त्याच्या आवाजानेही ते स्रवते. भीतीने, वेदनेने, कुणी टोचून बोलले तर ते अडखळते. प्रोलॅक्टिन नावाचे दुसरे संप्रेरक दूध तयार करते, बाळ जितक्या वेळा ओढेल तितके ते काम करते आणि रात्री जास्त करते. म्हणजे 'तुला दूध नाही' हे वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडलेल्या बाईला संध्याकाळी पाजताना पान्हा खरोखरच उशिरा सुटू शकतो, बाळ चिडते, आणि ते वाक्य खरे होते की काय असे सर्वांनाच वाटू लागते.

त्या संध्याकाळी कपाटातला डबा उघडला, तर पुढे काय होते ते पाहा. पावडरचे दूध पचायला जड, त्यामुळे बाळ गाढ झोपते आणि घर सुटकेचा श्वास टाकते. पण त्या वेळचे अंगावरचे ओढणे चुकते. भरलेली छाती रिकामी झाली नाही की शरीर दूध करण्याचा वेग कमी करते. दोन-तीन दिवसांनी सकाळचेही दूध कमी वाटू लागते, मग दुसरी बाटली येते. बाटलीच्या बोंडातून दूध फारसे श्रम न करता येते, म्हणून छातीवर मेहनत करायला काही बाळे कुरकुर करतात. असे करता करता महिनाभरात दूध खरेच आटते आणि घरातली सगळी माणसे म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो." यात कुणी दुष्ट नसते. मुलाने डबा आणला तो बायकोचे हाल पाहवले नाहीत म्हणून, हेही मी समजू शकते.

डबा हातात घ्या आणि त्यावरचा मजकूर चष्मा लावून वाचा. त्यावर बाळाचे चित्र नसेल, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे अशी सूचना मोठ्या अक्षरांत छापलेली असेल. कंपन्यांनी हे आपखुशीने केलेले नाही. 1992 चा कायदा आणि त्यातील 2003 ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला आणि डब्यावर आई-बाळाची चित्रे छापायला मनाई केली आहे. असा कायदा करावा लागला, याचा अर्थ असा की एका दमलेल्या घराचा संध्याकाळी साडेसहाचा निर्णय किती नाजूक असतो, हे विकणाऱ्यांना आपल्या आधी कळले होते.

आता गुटीकडे वळते. माझ्या सासूबाईंची सहाण अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. मधोमध झिजून तिला बशीसारखा खळगा पडला आहे. वेखंडाचा एक वळसा, जायफळाचा अर्धा, मुरुडशेंगेचे दोन, मग हळकुंड, हिरडा, खारीक, बदाम, असे त्या बोलता बोलता उगाळीत आणि अर्ध्या वळशाचा हिशेब त्यांच्या बोटांत असे. माझ्या थोरल्या मुलाला मी स्वतः ती गुटी चाटवली आहे, त्यामुळे तुम्हाला अडाणी ठरवण्याचा मला काही अधिकार नाही. तुमची मुले लहान होती तेव्हा डॉक्टरही चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे सुरू करायला सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने 'पूर्ण सहा महिने फक्त आईचे दूध' अशी शिफारस केली ती 2001 मध्ये. तुम्ही तुमच्या काळाच्या उत्तम माहितीप्रमाणेच वागलात.

तरीही 'आमची तीन वाढली' या युक्तिवादाकडे मला जरा रोखून पाहावे लागेल. जी वाढली ती आज आपल्याशी फोनवर बोलतात. जी वाढली नाहीत, त्यांच्या आया असली पत्रे लिहीत नाहीत. 1990 मध्ये भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 80 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 होता. याचे श्रेय एकट्या आईच्या दुधाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. लसी, दवाखाने, नळाचे पाणी, मुलींचे शिक्षण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु तान्ह्या बाळांचे जुलाब कमी होण्याशी त्यांच्या पोटात बाहेरचे काही न जाण्याचा थेट संबंध आहे. सहाण, तिच्यावरचे पाणी, उगाळणारे बोट, या तीन ठिकाणांहून जंतू जाऊ शकतो, आणि सात आठवड्यांच्या आतड्याला तो निस्तरता येत नाही. मधाच्या बाबतीत तर मी सवलत देणार नाही: त्यात क्वचित सापडणाऱ्या जिवाणूंमुळे वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही नको. आणि एप्रिलच्या उन्हात पाणी हवेच, असे तुम्हाला वाटते ते स्वाभाविक आहे. पण आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते आणि तहान लागली की बाळ जास्त वेळा पिते. चमचाभर पाणी दिले की तेवढी दुधाची जागा अडते, एवढेच होते. पाण्याचा तांब्या भरून ठेवायचाच असेल तर तो सुनेच्या हाताशी ठेवा. डॉक्टरांनी दिलेले 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब मात्र द्यायचे असतात, त्याने 'फक्त आईचे दूध' हा नियम मोडत नाही. कित्येक घरांत गुटीबरोबर तेही बंद केलेले मी पाहिले आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मला फार आवडला: कोणत्या बाईला जमते आणि कोणत्या नाही, हे कशावर ठरते? प्रश्नाच्या पोटात एक गृहीत आहे, की ते बाईवर ठरते. तिच्या जिद्दीवर, तिच्या अंगच्या दुधावर, किंवा तुमच्या शब्दांत तिच्या हट्टावर. तुमची मुलगी आणि तुमची सून यांना शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघी शिकलेल्या, दोघींचे सिझेरियन. मुलीचे बाळ काविळीसाठी दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले होते, तेव्हा तिला वॉर्डातच बसवून ठेवले आणि बाळाला बाटलीने पावडर दिली, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या उपचारातही बहुतेक वेळा बाळाला पाजण्यापुरते बाहेर काढता येते, किंवा आईचे दूध काढून वाटी-चमच्याने देता येते. तिला ते कुणी सांगितले नाही. मग घरी मदतीला कुणी नाही, जावई फिरतीवर, आणि शाळेतली कंत्राटी नोकरी, जिथे दहाव्या आठवड्यात हजर व्हावे लागले. सुनेच्या बाबतीत सांगलीच्या सिस्टरने रिकव्हरीच्या खोलीतच, तासाच्या आत, बाळ छातीला लावले, चिकाचा थेंब वाया जाऊ दिला नाही आणि पुढचे तीन दिवस दर पाजण्याच्या वेळी येऊन बाळाचे तोंड नीट धरवले. त्यावर सव्वा महिना आईच्या हातचे जेवण आणि भरपगारी रजा. दोघींच्या जिद्दीत फरक शोधण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. एकीच्या भोवती माणसे आणि दिवस होते, दुसरीच्या भोवती नव्हते. कृपा करून तुमच्या मुलीला हा मजकूर वाचायला द्या, पण तिने डबा सुरू केला याचा ठपका म्हणून नव्हे. अडीच वर्षे ती मनातल्या मनात स्वतःला काय म्हणत असेल, याची मला कल्पना आहे.

हे केवळ माझे मत नाही. हरयाणातल्या खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत अंगणवाडीताई आणि आरोग्यसेविका यांना फक्त एवढेच शिकवले, की आई भेटेल तेव्हा तिच्याशी आणि घरच्यांशी याविषयी कसे बोलावे. तीन महिन्यांच्या वयाला त्या गावांत 79 टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती, इतर गावांत 48 टक्के. ढाक्यात त्याआधी झालेल्या प्रयोगात वस्तीतल्याच बायकांना थोडे प्रशिक्षण देऊन बाळंतिणींच्या घरी पुनःपुन्हा पाठवले, तेव्हा पाचव्या महिन्यात हे प्रमाण 70 टक्के झाले. जिथे कुणी गेले नाही, तिथे ते 6 टक्के होते. शहर तेच, बायका त्याच, दूधही तेच. फरक एवढाच, की दाराशी येऊन कुणीतरी "चांगलं चाललंय, पाजत राहा" असे म्हणत होते. महाराष्ट्रातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण 2015-16 मधील 56.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 71 टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या वर्षांत बायकांच्या अंगात दूध वाढले असे कुणी म्हणणार नाही. दुसरीकडे, त्याच 2019-21 च्या पाहणीत देशात सुमारे 89 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होऊनही जन्मानंतर तासाभरात छातीला लागणारी बाळे 42 टक्केच होती. म्हणजे दवाखाना गाठला की झाले, असेही नाही. त्या तासाला खाटेशेजारी कोण उभे आहे आणि त्याला सवड आहे का, यावर बरेच काही अवलंबून असते.

चिंचवडच्या घरात ती दाराशी येणारी व्यक्ती कोण, हे तुमच्या लक्षात आले असेलच. मुलगा दिवसभर कामावर, सुनेची आई सांगलीला. सुनेच्या कानावर दिवसभर पडणारा आवाज तुमचा आहे. म्हणून 'गप्प बसावं की बोलावं' यातला पहिला पर्याय मला अजिबात पसंत नाही. गप्प बसलेली सासू बोलणाऱ्या सासूपेक्षा जास्त ऐकू येते, हे सुना जाणतात. तुम्ही बोला, फक्त तुम्हाला जे खात्रीने ठाऊक आहे तेच बोला. वजन वाढले आहे, ते बोला. "माझ्या वेळी मला असं कुणी सांगितलं नव्हतं" हे खरे असेल, तर तेही सांगा. सुनेला त्याचा जितका आधार वाटेल तितका डॉक्टरांच्या कागदाचाही वाटणार नाही.

संध्याकाळचे दोन तास तुमच्या ताब्यात घ्या. सहा वाजता सुनेचे जेवण उरकून घ्या; आपल्याकडे बाळंतीण सर्वांत शेवटी जेवते आणि तेव्हाच बाळ रडते. ती पाजून उठली की नातीला खांद्यावर घ्या, ढेकर काढा, दिवे मंद करून गच्चीत किंवा पॅसेजमध्ये फेऱ्या मारा, दुपट्यात गुंडाळून छातीशी धरा. रडले की लगेच 'भूक लागली' असे न म्हणता आधी लंगोट पाहा, अंगावरचे कपडे पाहा. या उकाड्यात झबले, टोपडे आणि वर गोधडी यांनीच निम्मी बाळे रडतात. पुन्हा मागितले तर पुन्हा सुनेकडे द्या, घड्याळ पाहू नका. पाजताना खोलीत पाहुण्यांची गर्दी नको. बाळाच्या तोंडात नुसते बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, गिळल्याचा आवाज आला पाहिजे. सुनेला दुखत असेल तर पकड चुकते आहे, आणि ती सुधारून द्यायला लसीकरणाच्या ठिकाणची सिस्टर किंवा स्तनपान सल्लागार अर्ध्या तासात मदत करते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी जरूर करा. त्यांनी दूध किती वाढते याबद्दल मी पैज लावणार नाही, पण आयते समोर आलेले जेवण बाळंतिणीला बळ देते. शेक चालेल, खोलीत धुरी नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

मुलाशी तुम्ही बोललात तर जास्त परिणाम होईल. डबा आणण्याऐवजी रात्री दोन वाजता उठून लंगोट बदलणे आणि बाळ आईकडे आणून देणे हे त्याचे काम आहे, असे त्याला आईने सांगितलेले बरे. बायकोने सांगितले की ते भांडण ठरते. डब्याचे सील फोडले नसेल तर तो औषधांच्या दुकानात परत करून टाका. कपाटात असलेली वस्तू वापरली जाते.

ज्या घरांत परिस्थिती तुमच्यासारखी नाही, त्यांच्यासाठी हे स्वतंत्रपणे लिहायला हवे. बाळाचे वजन वाढत नसेल, चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल किंवा ती गडद पिवळी असेल, बाळ सुस्त पडून राहत असेल, प्यायला उठत नसेल, ताप असेल, हातापायांच्या तळव्यांपर्यंत पिवळेपणा आला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात झालेला अति रक्तस्राव, छातीवर झालेली शस्त्रक्रिया अशा कारणांनी काही थोड्या बायकांना खरोखरच दूध कमी येते. तिथे डॉक्टरांनी सांगितलेले वरचे दूध हे औषध आहे, ते उकळून निवविलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच करून, पातळ न करता, वाटी-चमच्याने द्यावे आणि त्याची लाज मुळीच बाळगू नये. अशक्त आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दिलेले दूधही उपयोगी पडते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याच गरजेतून.

सून रडली, हेही नुसते सोडून देऊ नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात डोळ्यांत पाणी येणे नेहमीचे आहे, पण लेक सात आठवड्यांची झाली तरी सून रोज रडत असेल, झोपायची संधी मिळूनही झोपत नसेल, बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही असे म्हणत असेल, तर त्याला हट्ट किंवा नखरे म्हणू नका. प्रसूतिपश्चात नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नोकरीचा विचार आत्ताच करून ठेवा. प्रसूती रजेच्या कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण प्रसूतीआधी घेतलेले दिवस त्यातच मोजले जातात. सुनेने दोन आठवडे आधी रजा घेतली होती, तेव्हा ऑगस्टच्या मध्यास ती कामावर जाईल आणि नातीचे सहा महिने महिनाअखेरीस भरतील. मधले ते पंधरा दिवस निभावण्यासाठी जुलैपासून रोज सकाळी एकदा दूध काढण्याचा सराव करावा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्यांचाही हक्क आहे. आपल्या कंपनीचे नियम काय आहेत, हे तिने लेखी विचारून घ्यावे. काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि चोवीस तासांत वापरावे. ते उकळू नये. कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून ऊन करावे. साय वेगळी झालेली दिसली तर नासले समजू नका, हलक्या हाताने ढवळा. आणि वाटी-चमच्याने ते पाजणारे हात तुमचेच असणार, कारण ऑफिसच्या वेळात घरात दुसरे कोण असेल? त्यासाठी जुने बोंडले माळ्यावरून काढण्याची गरज नाही, नेहमीची लहान वाटी आणि चमचा पुरे. आधी उकळून घ्या, नातीला बसते धरा आणि दूध तोंडात न ओतता ओठाला वाटी टेकवून तिला स्वतः घेऊ द्या. पहिले तीन-चार दिवस निम्मे दूध दुपट्यावर सांडेल.

ऑगस्टच्या अखेरीस उष्टावण येईल. नाचणीचे सत्त्व, मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, चमचाभर तूप हा सगळा प्रांत तुमचा आहे आणि तिथे सुनेने तुमचेच ऐकावे, असे मी तिलाही सांगेन. अंगावरचे पाजणे मात्र तेव्हा थांबवायचे नसते, ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू शकते. सहाणेचे म्हणाल, तर बाळ मोठे झाल्यावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून बदाम आणि खारीक उगाळायला ती पुन्हा काढता येईल. या महिन्याचे वजन करायला नातीला नेतील, तेव्हा तुम्हीही बरोबर जा आणि काट्यावरचा आकडा स्वतः वाचा.